फुगवट्यावरचा मुक्काम

तात्या रेल्वेतून निवृत्त झाले त्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. वडलांना आम्ही तात्या म्हणायचो. एका संध्याकाळी जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, "मला एकदा उजनीच्या पान्यावर जायाचंय. होडीत बसायचं, आन् एक रात तिथंच काठाला राहायचं."

आईनं कालवण वाढता वाढता विचारलं, "कोण वारलं तिकडं?"

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या घरातलं माणूस परगावी मुक्कामाला जायचं ते लग्नाला, मयताला, नाहीतर ड्युटीवर. चौथं कारण तिला ठाऊक नव्हतं.

"कुणी न्हाई वारलं," तात्या म्हणाले.

"मंग?"

"मंग काय. बघायचं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा राहू गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. दौंडची रेल्वेची खोली सोडावी लागली तेव्हा दोघंही माझ्याकडं राहूला राहायला आले होते. घरात शिकलेली मीच, त्यामुळं बापाच्या डोक्यात असलं काही आलं तर त्याला वाट दाखवायचं किंवा आवर घालायचं काम माझंच, असा आईचा समज होता. मी आवर घातला नाही. खरं सांगायचं तर तात्यांचं बोलणं ऐकून मलाही जावंसं वाटत होतं. चौथीच्या वर्गात मी सरोवर, द्वीपकल्प, सामुद्रधुनी असले शब्द फळ्यावर लिहायचे, आणि स्वतः कधी साध्या होडीत पाय ठेवला नव्हता.

तात्या आधी रुळांच्या दुरुस्तीवर गँगमन होते, मग कीमन झाले. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन रुळातून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, दोन रूळ जोडणारी फिशप्लेट कुठं तडकली का ते बघायचं. शेवटची पंधरा-सोळा वर्षं त्यांच्याकडचा रुळांचा तुकडा भिगवणच्या पुढं होता. तिथं सोलापूरकडं जाताना डाव्या हाताला उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे मागं तटलेलं पाणी, लागतो. दोन्हीकडं बाभळी, हुलग्याची मोकळी रानं, मेंढरांनी कुरतडलेलं गवत, आणि मधेच एवढं थोरलं पाणी, की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. दुष्काळी मुलखात कुणीतरी समुद्र आणून ठेवल्यासारखा. धरण भरलं तेव्हाही तात्या त्याच भागात कामाला होते. त्यांनी ते पाणी येताना पाहिलं होतं. पंधरा-सोळा वर्षं त्याच्या कडेनं चालले होते, त्याच्या वाऱ्यावर डबा खाल्ला होता. आणि एकदाही खाली उतरून त्याला हात लावला नव्हता.

"का?" मी विचारलं.

"ड्युटीवर आसायचो. लाईन सोडून खाली कसं जानार?"

"सुट्टी असायची की."

"सुट्टीच्या दिवशी कोन कामाच्या जागी जातं?"

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचे प्रश्न सुरू झाले. मी शाळेतून आले की ते ओट्यावर बसलेले असायचे, आणि चपला काढायच्या आधी एक प्रश्न यायचा. होडी वळवायची कशी? थांबवायची असंल तर ब्रेक कुठं असतो? पाण्यावर वाट चुकली तर खुणेचा दगड नसतो, मग कळायचं कसं? मला यातलं काहीच येत नव्हतं. शाळेच्या कपाटात पक्ष्यांवरचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात मला एक उत्तर सापडलं, पण ते त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं होतं. दर हिवाळ्यात त्या पाण्यावर उंच पायांचे, गुलाबी पंखांचे पक्षी येतात. तात्या त्यांना 'लांबटांगे' म्हणायचे, पुस्तकात त्यांचं नाव रोहित होतं. त्यातले पुष्कळसे कच्छच्या रणातून येतात, असं लिहिलं होतं.

"रण म्हंजी?"

"वाळवंटच. खारट जमीन, मैलोन् मैल काही नाही."

"म्हंजी आपला मुलूख त्यांना घरच्यावानी वाटत आसंल," तात्या म्हणाले. "न्हाईतर कोकन सोडून हिकडं कशाला येतील?"

आईचा विरोध होडीला नव्हता, रात्री काठावर तंबू ठोकून झोपण्याला होता. गावाबाहेर ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या त्या झोपड्यांपुढं बाया दगडाच्या चुलीवर भाकरी थापायच्या. आई एकदा तिकडं बोट करून मला म्हणाली, "ज्याला घर न्हाई तो उघड्यावर झोपतो. ह्यांनी उमेदीची वर्षं लाईनवर तंबूत काढली. पावसात, थंडीत. आता डोक्यावर पत्रा हाय, तर पुन्हा तंबू?"

हे मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तवा झोपायला लागत हुतं. आता झोपावंसं वाटतंय. दोन्हीत फरक न्हाई व्हय?"

माझी आत्या कोरेगाव भीमाला असायची. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती मुद्दाम एसटीनं आली आणि चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "पोरीचं लगीन बघायचं सोडून हा माणूस होडीत बसायला निघालाय." तात्यांनी तिलाही चल म्हणून आग्रह केला. ती त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

पहिली गोष्ट म्हणजे होडी कुणाची, हे ठरवायला हवं होतं. जानेवारीतल्या एका रविवारी मी आणि तात्या केडगावहून पॅसेंजरनं भिगवणला गेलो. तिथून तात्यांनी मला रुळाच्या कडेकडेनं चालवलं. रुळाखालची प्रत्येक मोरी, प्रत्येक वळण ते ओळखीच्या माणसासारखं दाखवत होते. एका मोरीपाशी ते थांबले आणि खाली काठाकडं पाहत राहिले. तिथं पाच-सहा झोपड्या होत्या, बांबूवर जाळी वाळत घातलेली, पत्र्याच्या दोन होड्या पालथ्या पडलेल्या. "ह्या झोपड्या मी रोज बघायचो," ते म्हणाले. "हात करायचो. ते बी करायचे. बोललो कवाच न्हाई."

आम्ही भरावावरून खाली उतरलो. एक बाई मासळी निवडत बसली होती. आईच्याच वयाची असेल. मी तिला मावशी म्हटलं.

"मासं घ्यायचं का?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. होडीत बसायचंय."

"पल्याड जायाचंय? कुठल्या गावाला?"

"गावाला नाही. नुसतं फिरायचं."

"नुसतं?" तिनं हातातला मासा टोपलीत ठेवला. "आन् मंग?"

"मग परत इथंच."

तिनं झोपडीतल्या नवऱ्याला हाक मारली. तो बाहेर आला तेव्हा तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं, माणसं शिकलेली दिसतात, पण जायचं कुठंच नाही. त्यानं तात्यांकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही हातोडेवाले न्हवं? वरनं जायाचा."

तात्या एवढे खूश झाले की त्यांनी समोरच्या समोर त्याला हात केला, वरून करायचे तसा.

होडी मिळाली. जागाही मिळाली, झोपड्यांच्या पलीकडं दोन बाभळींच्या मधे. पण निघताना मावशीनं विचारलं, "पवता येतं का?"

आम्ही दोघांनी नाही म्हटलं.

"होडीत बसलाय कवा?"

तेही नाही.

"मंग आदी जवळच्या पान्यात कुठं तरी बसून बघा," ती म्हणाली. "हितं मधी गेल्यावर घाबरून हुबं ऱ्हायला, तर आमाला बी घिऊन बुडाल."

परतीच्या गाडीत तात्या खिडकीतून बाहेर बघत बसले होते. म्हणाले, "माझ्या लहानपनी गावात सात विहिरी हुत्या." शिरूर तालुक्याच्या कोरड्या भागातलं त्यांचं गाव. ओढाही श्रावणापुरता. गावची पोरं पाठीला वाळला भोपळा बांधून विहिरीत उड्या मारायची आणि पोहायला शिकायची. "सातातली आमची एक बी न्हवती. आमी काठाला गेलो तरी हाकलायचे. मंग पवायला शिकनार कुठं?" रागानं बोलले नाहीत, हिशेब लागल्यासारखं बोलले. मग लगेच म्हणाले, "पन होडी कुठं मिळंल गं?"

होडी राहूत कुठंच नव्हती. पण गुऱ्हाळं होती. आमच्या शाळेपासून जवळच एका आबांचं गुऱ्हाळ होतं. त्यांची नातवंडं माझ्याच वर्गात होती. ज्या पसरट लोखंडी कढईत उसाचा रस आटवून गूळ करतात तिला काहील म्हणतात. आबांकडं एक जुनी काहील शेडच्या मागं पडून होती, बुडाला ठिगळ लावलेली. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. आबांनीच ती सुचवली. त्यांच्या आठवणीत एका पुरात लोकांनी काहिलीत बसवून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं होतं.

गुऱ्हाळावर गूळ करणारा माणूस उत्तर प्रदेशातला होता. काहील ट्रॉलीत चढवायला त्यानं हात लावला, आणि ती कशासाठी नेतोय हे कळल्यावर मला बाजूला घेऊन काळजीनं म्हणाला, "मास्टरनीजी, ये नाव नहीं है. कड़ाही है."

"मालूम है भैया," मी म्हटलं.

"बस, बता दिया."

भीमेवरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ होतं. आम्ही तिथं काहील उतरवली. आबा त्यांच्या ट्रॅक्टरवरच बसून राहिले. आई आमच्याबरोबर आली होती, पण तिनं आधीच सांगून टाकलं होतं की ती भाकरी घेऊन आलीय, तमाशा बघायला नाही. ती काठावर एका दगडावर पाठ फिरवून बसली.

मी आणि तात्या काहिलीत बसलो. माझ्या हातात वल्हं म्हणून एक फळी होती. पहिल्यांदा तळाखालचा चिखल सुटला आणि काहील हलकी झाली, तो क्षण मला अजून आठवतो. बसलेल्या जागेचा भरवसाच गेला. मी फळी डाव्या बाजूला मारली, काहील उजवीकडं फिरली. उजवीकडं मारली, डावीकडं फिरली. आम्ही पुढं कुठंच जात नव्हतो, जात्याच्या वरच्या तळीसारखे जागच्या जागी गरगरत होतो. तात्या मधोमध बसून सूचना देत होते, "सावकाश. आता थांबव. आता बघ कुठं जाती ती." त्यांना कुठं पोचायचं नव्हतंच. काहील असं का करते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. गोल वस्तूला तोंडच नसतं, मग ती पुढं कशी जाईल, असं त्यांनी शेवटी ठरवलं, आणि मला ते पटलं.

तेवढ्यात काठालगत मासळीचा एक घोळका चमकला. "त्ये बघ," म्हणून तात्या कडेला वाकले. काहील एका बाजूला कलली, पाणी आत आलं आणि आम्ही दोघं पाण्यात.

मला तळ लागला. पाणी गळ्यापर्यंत होतं, मी खोकत उभी राहिले. तात्या दोन हात पलीकडं पडले होते आणि तिथं वाळू उपसलेला खड्डा होता. त्यांचा हात वर आला, डोकं वर आलं आणि परत खाली गेलं. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या शेजारून कुणीतरी पाणी कापत गेलं, आणि ती माझी आई होती.

लुगड्याचा काष्टा वर खोचून, डोकं पाण्याबाहेर ठेवून ती सरळ हात मारत गेली. खड्ड्यावर पोचल्यावर तिनं तात्यांना समोरून धरलं नाही. मागून जाऊन त्यांच्या काखेत हात घातला, त्यांना उताणं केलं आणि ओढत काठाशी आणलं. आबा ट्रॅक्टरवरून उडी टाकून धावत आले होते, ते गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले.

तात्यांनी पाणी ओकलं, दोनदा शिंकले, दगडाला टेकून बसले. आई लुगड्याचा पदर पिळत होती.

"तुला पवता येतं?" तात्यांनी विचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"ल्हानपनापासनं."

"चौतीस वर्सं झाली लग्नाला," तात्या म्हणाले. "कवा बोलली न्हाईस."

"तुम्ही कवा इचारलं?"

आईचं माहेर मांडवगण फराट्याचं. नदीकाठचं गाव. त्यांच्या वस्तीच्या बायकांची धुण्याची जागा सगळ्यांच्या खालच्या अंगाला, वळणापलीकडं होती. तिथं कुणाची नजर नसायची. मुली कळशी पालथी घालून तिच्यावर पोट टेकवायच्या आणि पाय मारायच्या. आधी कळशी घेऊन, मग कळशी सोडून. उन्हाळ्यात पलीकडच्या वाळूत कलिंगडाचे मळे असायचे, तिथं पोहत जाऊन ती कामाला लागायची. हे सगळं तिनं त्या दिवशी काठावर, भाकरी खाताना, एकेका वाक्यात सांगितलं. लग्न होऊन ती सासरच्या कोरड्या गावात गेली, मग दौंडच्या क्वार्टरमधे. "तिथं नळाला पानी यायचं न्हाई धड," ती म्हणाली. "पवती म्हनून सांगून काय करनार हुते?"

सव्वीस वर्षं मी या बाईच्या हातचं खात होते. तिला काय येतं आणि काय येत नाही, याची माझ्या मनातली यादी पक्की होती. त्या यादीत अक्षरओळख नव्हती, सायकल नव्हती, आणि हेही नव्हतं.

त्यानंतर सहलीची सूत्रं आईकडं गेली. कुणी ठरवलं नाही, पण झालं खरं. तिनं पहिलं काय केलं असेल तर तात्यांना सांगितलं, की पाण्यावर तरंगता येईस्तोवर जायचं नाही. पुढचे तीन रविवार आम्ही बंधाऱ्यावर गेलो. आईनं घरातली तांब्याची कळशी नेली होती. साठीला टेकलेला माणूस अर्ध्या चड्डीवर पाण्यात उभा, आणि बायको काठावरून सांगतेय, "मान सैल सोडा. पान्याशी भांडू नका." पहिल्या रविवारी तात्या लाजत होते, आजूबाजूला कुणी बघतंय का पाहत होते. दुसऱ्या रविवारी विसरले. तिसऱ्या रविवारी कळशीवर छाती टेकून ते दहा-बारा हात गेले आणि परत आले. बाहेर आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "आपन पाय मारतो तवा फुडं जातो, का पानी मागं जातं?" आईनं टॉवेल दिला. "दोन्ही," ती म्हणाली. विज्ञानाच्या पुस्तकात याला दीड पान लागतं.

सामानाची यादीही तिनंच केली, तोंडी. आबांच्या गुऱ्हाळावरची ताडपत्री, दोन सतरंज्या, कंदील, तवा, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून ट्रकच्या चाकाची एक फुगवलेली ट्यूब. तंबू कसा ठोकायचा हे मात्र तिनं तात्यांवर सोडलं. ते काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, शाळा अर्धी असताना, आम्ही निघालो. दुपार कलताना झोपड्यांपाशी पोचलो. मावशीनं आईकडं बोट करून विचारलं, "ह्यांना पवता येतं का?" आईनं मान डोलावली. "मंग ठीक," असं म्हणून मावशीनं आमचा विषय संपवला.

तात्यांनी अर्ध्या तासात ताडपत्री बाभळींना ताणली, कडेनं चर खणला, वारा कुठून येतो ते पाहून तोंड फिरवलं. मग उन्हं उतरल्यावर मावशीचा नवरा आम्हाला होडीत घेऊन निघाला. होडीला तोंड होतं, आणि ती खरंच पुढं जात होती. लांबलचक बांबू तळाला रोवून तो होडी ढकलायचा, खोल पाणी आलं की वल्हं घ्यायचा. तात्यांनी त्याला ब्रेकचं विचारलंच. त्यानं बांबू तळात रोवला आणि धरून ठेवला. होडी थांबली. तात्यांनी मान हलवली, जशी एखाद्या चांगल्या कामगाराकडं बघून हलवावी.

पाण्याचा वास मला अनोळखी होता, शेवाळाचा आणि ओल्या लोखंडाचा. खाली काही ठिकाणी जुनी बाभळीची खोडं उभी होती, पाण्यात अर्धी बुडालेली, फांद्यांवर पाणकावळे पंख उघडून बसलेले. आईनं पाण्यात हात सोडला होता. काठावरच्या भरावावरून तेवढ्यात सोलापूरची गाडी गेली. आम्ही सगळ्यांनीच तिकडं पाहिलं. मला वाटलं, आता तात्या काही तरी बोलतील, इतकी वर्षं वरून पाहिलेलं पाणी आणि आज पाण्यावरून पाहिलेली गाडी, असं काही. ते कान देऊन ऐकत होते. गाडी गेल्यावर म्हणाले, "मोरीच्या अल्याड दनका बसतोय. खाली खडी भरून पॅकिंग करायला पायजे."

रात्री आम्ही लवकर झोपलो. एवढंच सांगण्यासारखं, की आईनं ताडपत्रीखाली झोपायला नकार दिला आणि सतरंजी बाहेर ओढली. उघड्यावर झोपायला जिचा विरोध होता तीच उघड्यावर झोपली. सकाळी मी कारण विचारलं तर म्हणाली, "आत आल्यावर काय दिसतंय? मंग घरीच निजायचं की."

उजाडताना मावशीच्या नवऱ्यानं आम्हाला उठवलं. थंडी होती. पाण्यावर वाफ होती. या वेळी मावशीही आली, आणि वल्हं आईच्या हातात दिलं. आईनं ते दोन-तीनदा चुकीचं मारलं, मग तिला जमलं. आम्ही एका उथळ खाडीच्या तोंडाशी गेलो आणि बांबू रोवून थांबलो. समोर दूरवर एक फिकट पट्टा होता, मला वाटलं वाळू असेल. मग तो पट्टा हलला.

चारशे-पाचशे असतील. माना खाली घालून, चोची उलट्या करून पाण्यात फिरवत होते, आणि सगळ्यांचा मिळून एक बारीक कुरकुरीचा आवाज येत होता, बाजाराच्या दिवशी लांबून येतो तसा. तात्यांना जवळ जायचं होतं. होडी पुढं जाईना, तळ लागत होता. "पानी किती हाय?" त्यांनी विचारलं. मावशीच्या नवऱ्यानं बांबू दाखवला, गुडघ्याएवढं. तात्यांनी विजार वर केली आणि खाली उतरले. कुणी नको म्हणायच्या आत ते होडीच्या कडेनं दोन पावलं चालले आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतले.

पक्ष्यांनी माना वर केल्या. मग एका बाजूनं सुरुवात झाली आणि सगळा थवा धावत धावत पाण्यावरून उठला. बसलेले असताना ते मळकट पांढरे दिसत होते. पंख उघडले तेव्हा आतून लालभडक निघाले. आईचं वल्हं हातातच राहिलं. थवा आमच्या डाव्या अंगानं वळून पलीकडच्या काठाकडं गेला.

आपल्यामुळं ते उडाले याचं तात्यांना वाईट वाटलं. मग वाकून त्यांनी दोन्ही हातांत तिथलाच चिखल घेतला आणि हात लांबवून होडीच्या काठावर ठेवला. "एवढ्या लांबनं येतात ते हे खायाला," म्हणून ते बोटानं चिखल उकरू लागले. मी चष्मा पुसून बघितलं. चिखलात केसासारखे बारीक लाल किडे वळवळत होते, कणभर शिंपले होते, आणखी काही होतं ज्याला मला नाव देता येईना. पुस्तकात हे नव्हतं. ते खालून, मी होडीतून, आम्ही दोघं डोकी एकत्र करून तो चिखल पाहत राहिलो. आई म्हणाली, "दात बी घासलं न्हाईत अजून दोघांनी."

तात्यांना चिखलातून ओढून काढायला तिघं लागले. त्यांची एक चप्पल तळाशीच राहिली.

परत आल्यावर मावशीनं न्याहारीला मासळीचं कालवण आणि आईनं भाकऱ्या केल्या. एकाच चुलीवर, दोघी आळीपाळीनं. जेवताना दोघींचं माहेरचं बोलणं निघालं. मावशीचं गाव धरणाखाली गेलेलं. "आता मी रोज गावावरनंच होडी नेती," ती म्हणाली, आणि आईनं तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातली. तात्या मावशीच्या नवऱ्याकडून जाळ्याची गाठ शिकत होते. गाठ जमायची आणि दुसऱ्या क्षणी सुटायची. ते परत पहिल्यापासून विचारायचे.

मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि गाडीची वेळ सांगितली. तात्यांनी हात वर करून मला थांबवलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत भरावावरून पॅसेंजर निघून गेली. पुढची दुपारनंतर होती. पस्तीस वर्षं गाडीच्या वेळेवर जेवलेल्या आणि झोपलेल्या माणसानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि परत गाठीकडं.

"जाऊ दे," आई म्हणाली. तिनं केस सोडले, ट्यूब काखेत घेतली आणि पाण्याकडं निघाली. चार पावलांवर थांबून तिनं मागं वळून पाहिलं. "तू का बसलीस? तुला शिकायचं न्हाई व्हय?"

मी घड्याळ काढून मावशीच्या हातात दिलं.